मोठी हार्ड डिस्क घेताना: जागेचा हिशेब आणि वेळेचा हिशेब

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये ४० जीबीची हार्ड डिस्क होती. एवढी जागा भरणार कशाने, असा प्रश्न तेव्हा घरात सगळ्यांना पडला होता. दोन वर्षांत ती भरली. मग १६० जीबी आली, मग ५००, मग १ टीबी, आणि प्रत्येक वेळी ‘आता काही वर्षं बघायला नको’ असं वाटलं. नवी डिस्क जोडल्यावर ती जवळजवळ रिकामी पट्टी पाहून जो आनंद होतो तो मला आजही तितकाच होतो. म्हणून हा लेख मोठी डिस्क घेऊ नका असं सांगण्यासाठी नाही. घ्याच. पण मोठ्या डिस्कसोबत एक गोष्ट येते जी खोक्यावर छापलेली नसते: वेळ. तो हिशेब आधी केला नाही तर जागा भरपूर असूनही माणूस अडकतो.

आधी मागे वळून बघू, कारण त्यातच या सगळ्याचं मूळ आहे. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क विकायला आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, आणि त्यावर मावायची ५० लाख अक्षरं; आजच्या हिशेबाने पावणेचार एमबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्यात कसाबसा बसेल. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची डिस्क आणली, ५ एमबीची. २००७ मध्ये हिताचीची १ टीबीची डिस्क आली. त्याच वर्षी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ज्या शोधासाठी मिळालं त्याच्या जोरावरच डिस्कचं हेड, म्हणजे चकतीवर लिहिणारा-वाचणारा भाग, इतके बारीक चुंबकीय ठिपके वाचू लागलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला सीगेटने ३० टीबीच्या डिस्क जाहीर केल्या. त्यात लिहिताना लेसरने चकतीवरची सूक्ष्म जागा क्षणभर तापवली जाते.

आता या आकड्यांच्या आड दडलेली गोष्ट. रॅमॅकची डिस्क सेकंदाला ८,८०० अक्षरं वाचायची. म्हणजे हेड हलवण्याचा वेळ सोडला तर अख्खी डिस्क वाचायला दहा मिनिटंही लागत नसत. २० टीबीची डिस्क सरासरी २०० एमबी प्रतिसेकंद या चांगल्या वेगाने सलग वाचली, तर लागतात जवळपास २८ तास. असं का झालं? क्षमता दोन दिशांनी वाढते: एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल पट्टीवर, जास्त बिट बसवले जातात आणि चकतीवर जास्त ट्रॅक. शिवाय चकत्यांची संख्या वाढते ती वेगळीच. वेग मात्र फक्त पहिल्या दिशेने वाढतो. साधारणपणे एका वेळी एकच हेड एकाच ट्रॅकवर काम करतं, आणि चकती फिरण्याचा वेग गेली कित्येक वर्षं मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांवर थांबलेला आहे. टाकी दरवर्षी मोठी होते आहे, नळ फारसा रुंद होत नाही. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीत हेच आडवं येतं.

पायरी १: किती जागा लागते ते मोजा

अंदाजाने डिस्क घेऊ नका. आज किती जागा भरली आहे आणि महिन्याला किती भरते, हे दोन आकडे लिहून काढा. विंडोजवर विनडिरस्टॅट आणि लिनक्सवर एनसीडीयू अशी मोफत साधनं कोणतं फोल्डर किती जागा खातं ते दाखवतात. हे एकदा केल्यावर बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण जागा खाणारी वस्तू अपेक्षेपेक्षा वेगळीच निघते: जुने डाउनलोड, व्हर्च्युअल मशीनच्या फाइली, तोच फोटोसंग्रह तीन ठिकाणी.

व्हिडिओचा हिशेब बिटरेटवरून सरळ निघतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने टिपलेला फोरके व्हिडिओ तासाला ४५ जीबी घेतो. ४ मेगाबिटवर सतत चालणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा दिवसाला ४३ जीबी, म्हणजे महिन्याला १.३ टीबी भरतो. चार कॅमेऱ्यांचं महिनाभराचं चित्रण ठेवायचं असेल तर ५ टीबीहून जास्त जागा नुसती फिरती ठेवावी लागेल. तुलनेने साधे दस्तऐवज आणि गाणी आता हिशेबात धरण्याइतकीही जागा घेत नाहीत.

मग मांडणी करा. समजा विंडोज सांगतं की आज २.४ टीबी भरलेली आहे आणि महिन्याला ६० जीबी वाढते. तीन वर्षांत सव्वादोन टीबीच्या आसपास भर पडेल, एकूण ४.६. डिस्क ८० टक्क्यांहून जास्त भरू देऊ नये असं मी मानतो. फाइलींचे तुकडे विखुरले जातात, आणि चकतीच्या आतल्या कडेकडे जाताना वेगही बाहेरच्या कडेच्या निम्म्यापर्यंत उतरतो. म्हणून ४.६ ला ०.८ ने भागा: ५.७५. मग ६ टीबीची पुरेल?

नाही पुरणार. उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी टीबी हेच नाव लावतं. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ६ टीबीची ५.४५ आणि ८ टीबीची ७.२७. यात कुणी फसवलेलं नसतं, दोन मोजपट्ट्या आहेत एवढंच. मॅकवर २००९ पासून उत्पादकांचीच मोजपट्टी वापरली जाते, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण दिसते. आपल्या उदाहरणात उत्तर ८ टीबी.

पायरी २: आकड्याला दोनाने गुणा

हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ८ टीबी हवी असेल तर ८ टीबीच्या दोन डिस्क घ्यायच्या. १६ टीबी हवी असेल आणि तशा दोन घेणं झेपत नसेल तर एकच १६ टीबी घेऊ नका, ८ च्या दोन घ्या आणि पसारा कमी करा. मोठ्या डिस्कचा उत्साह इथेच सगळ्यांना चुकवतो: सगळी रक्कम एका भल्या मोठ्या डिस्कवर जाते आणि बॅकअप ‘पुढच्या महिन्यात’ ठरतो. १०० जीबीची डिस्क गेली तेव्हा एका वर्षाचे फोटो जायचे. १६ टीबीची गेली तर आयुष्यभराचे जातात.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजून मोडीत निघालेला नाही: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवायची असेल तर इथेही वेळ मोजा. अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल तर एक टीबी चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणून क्लाउडवर सगळं नको, जे पुन्हा कधीच मिळणार नाही तेवढंच पाठवा. बाकीसाठी नातेवाइकांकडे ठेवलेली दुसरी डिस्क उत्तम.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच असल्यासारख्या वापरायची पद्धत; तिच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये यासाठी ते आहे. तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत किंवा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर रेड ती चूक सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे करून ठेवतं. शिवाय मोठ्या डिस्क लावलेल्या रेडमध्ये एक गेली की नवी डिस्क भरून निघायला एक-दोन दिवस लागतात, आणि त्या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचल्या जातात. अनेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, अशी हमीची मर्यादा दिलेली असते. ते बिट म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क बहुधा त्याहून चांगल्या वागतात, पण ज्या काळात ही मर्यादा लिहिली जाऊ लागली तेव्हा साडेबारा टीबी कुणाच्या घरी नव्हते. आज आहेत. मोठ्या डिस्कसाठी एका पॅरिटीचा (बंद पडलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेल्या जास्तीच्या माहितीचा) रेड ५ घेऊ नका. मिरर करा, म्हणजे दोन डिस्कवर तेच ठेवा, किंवा डिस्क जास्त असतील तर दोन पॅरिटीचा रेड ६.

पायरी ३: कोणत्या जातीची डिस्क?

एसएसडी की हार्ड डिस्क, हा वाद मला आता निरर्थक वाटतो. ऑपरेटिंग सिस्टिम, रोजचं काम, एडिटिंग चालू असलेला प्रोजेक्ट हे सगळं एसएसडीवर. साठा हार्ड डिस्कवर, कारण टीबीमागे खर्च कितीतरी कमी. आणखी एक कारण आहे. एसएसडी विद्युतभार साठवून डेटा ठेवते आणि वर्षानुवर्षं वीज न लावता कपाटात पडून राहिली तर तो भार झिरपतो. दीर्घकाळ बाजूला ठेवायच्या प्रतीसाठी मी एसएसडी वापरत नाही.

हार्ड डिस्कमध्ये मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच चकतीवर जास्त मावतात. वाचायला अडचण नाही, कारण वाचणारं हेड लिहिणाऱ्यापेक्षा अरुंद असतं. अडचण लिहिण्यात आहे: मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची सगळी काढून पुन्हा बसवावी लागतात. डिस्क हे काम सवडीने करते, पण सलग मोठी कॉपी चालू असेल तर तिला सवडच मिळत नाही आणि वेग एकाएकी कोसळतो. एकदाच लिहून ठेवायच्या बॅकअपसाठी एसएमआर चालते. नॅस (घरच्या नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) आणि रेडसाठी अजिबात नको, आणि रोज बदलणाऱ्या डेटासाठीही नको. खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा. अडीच इंची मोठ्या क्षमतेच्या पोर्टेबल डिस्क जवळपास सगळ्या एसएमआर असतात.

अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, फिरायला सोयीची. पण काहींच्या आत साटा जोड (कॉम्प्युटरमध्ये डिस्क थेट जोडायचा नेहमीचा जोड) नसतोच, यूएसबीचा पोर्ट थेट सर्किटवर बसवलेला असतो, आणि तो तुटला की डेटा काढणं अवघड होतं. साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो, पण घरी एका जागी ठेवायच्या साठ्यासाठी मी तीच घेईन. फार मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरलेला असतो. २०१३ मध्ये एचजीएसटीने अशी पहिली ६ टीबीची डिस्क आणली. हेलियम हवेच्या सातव्या हिश्शाइतकाच दाट असल्याने चकत्यांना अडथळा कमी होतो, आणि म्हणून त्या पातळ करून जास्त बसवता येतात. मात्र या डिस्क मूळच्या डेटा सेंटरसाठी घडवलेल्या असतात आणि हेड हलताना चांगला खटखट आवाज करतात. झोपायच्या खोलीत ठेवणार असाल तर विचार करा.

पायरी ४: जुनं मशीन मोठी डिस्क ओळखेल का?

डिस्क वाढत गेल्या तसा प्रत्येक टप्प्यावर एक अडथळा उभा राहिला: फॅट १६ चा २ जीबीचा, मग बायोसचा ८.४ जीबीचा, मग १३७ जीबीचा. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना जंपर बदलत घालवलेल्या संध्याकाळी आठवत असतील. आज जिवंत असलेला अडथळा २.२ टीबीचा आहे. डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी एमबीआर पद्धत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहिते. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर त्यापलीकडे मोजताच येत नाही. म्हणून २ टीबीहून मोठी डिस्क इनिशियलाइज (पहिल्यांदा वापरायला तयार) करताना विंडोजने विचारल्यावर जीपीटी ही नवी पद्धत निवडा.

डिस्क यूएसबीला जोडायच्या जुन्या केसिंग आणि डॉकपासून सावध राहा. काहींचा कंट्रोलर २ टीबीपर्यंतच मोजतो. डिस्क जोडली जाते, चालतेही, पण आकार भलताच दिसतो. तसं दिसलं तर त्यावर एकही फाइल टाकू नका, आधी केसिंग बदला.

फॉरमॅट मारताना फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस, फक्त लिनक्सवर तर ईएक्सटी४. विंडोज, मॅक, टीव्ही असं सगळीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट. पण एक्सफॅटमध्ये जर्नल (होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद) नसतं, त्यामुळे लिहिताना केबल ओढली गेली तर नुकसान जास्त होतं. फॅट ३२ विसरून जा, त्यात ४ जीबीची एक फाइलही मावत नाही.

पायरी ५: विश्वास टाकण्याआधी पूर्ण तपासा

नवी डिस्क आली की लगेच डेटा भरायचा मोह होतो. थांबा. डिस्क बंद पडण्याचं प्रमाण अगदी सुरुवातीला आणि मग म्हातारपणी जास्त असतं. सुरुवातीचं दुखणं वॉरंटीत आणि रिकाम्या डिस्कवरच बाहेर पडलेलं बरं.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. नव्या डिस्कवर चालू राहिल्याचे तास शून्याच्या आसपास हवेत. शेकडो तास दिसले तर ती आधी कुणीतरी वापरलेली आहे, परत करा. मग विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं. त्यानंतर स्मार्टची लांब चाचणी लावा, ती सगळं वाचून बघते. ८ टीबीसाठी एकेका फेरीला अकरा-बारा तास धरा, दोन्ही मिळून एक पूर्ण दिवस. हा दिवस आधीच राखून ठेवा. लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा, आणि डिस्कच्या अंगाला हवा लागेल असं बघा. बंद कपाटात ठेवून चाचणी करू नका.

चाचणीनंतर तीन नोंदी बघायच्या: ५ क्रमांकाची, बदललेल्या सेक्टरांची, १९७, संशयित सेक्टरांची, आणि १९८, न वाचता आलेल्या सेक्टरांची. तिन्ही शून्य हव्यात. नव्या डिस्कवर एक जरी आकडा दिसला तर मी बदलून घेतो. १९९ क्रमांक वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, आधी केबल बदलून बघा.

आश्चर्यकारक स्वस्त, अंगठ्याएवढी आणि ‘१६ टीबी’ लिहिलेली पोर्टेबल एसएसडी कुणी देऊ करत असेल तर ती खोटी असते. तिचा कंट्रोलर खोटा आकार सांगतो आणि खरी जागा संपली की जुन्यावरच लिहीत जातो. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री ही साधनं पूर्ण जागा लिहून-वाचून हे उघडं पाडतात.

पायरी ६: डेटा हलवणं

कट-पेस्ट कधीही करू नका. मी एकदा एका प्रवासाचे फोटो कट करून नव्या डिस्कवर टाकत होतो आणि मध्येच केबल सैल झाली. जे फोटो ‘गेले’ म्हणून जुन्या डिस्कवरून पुसले गेले होते त्यातले शेवटचे दोनशेच्या आसपास नव्या डिस्कवर प्रत्यक्षात पोहोचलेच नव्हते, बफरमध्येच (लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात) होते. ते फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: कॉपी, पडताळणी, दुसऱ्या डिस्कवर दुसरी कॉपी, आणि मगच जुनी डिस्क मोकळी करणं.

मोठ्या कॉपीसाठी फाइल एक्सप्लोररपेक्षा विंडोजवर रोबोकॉपी किंवा टेराकॉपी, लिनक्स-मॅकवर आरसिंक वापरा. मध्ये वीज गेली तरी कॉपी जिथे थांबली तिथून पुढे सुरू करता येते. पडताळणीसाठी दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवून बघा. टेराकॉपी ते स्वतः करतं. लाखो बारीक फाइली असतील तर वेग पार कोसळतो, कारण दर फाइलीला हेड इकडून तिकडे धावतं. अशा जुन्या प्रोजेक्टची फोल्डरं झिप करून मगच हलवा.

आणि पोर्ट बघून लावा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५ ते ४० एमबीच जातात. ८ टीबी हलवायला अडीच दिवस लागतील. तीच डिस्क यूएसबी ३ वर लावली तर अर्धा-पाऊण दिवस. चालू डिस्क उचलू नका, आडवी असेल तर उभी करू नका. आत हेड चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं.

पायरी ७: साठा सांभाळणं

प्रत्येक डिस्कला नाव द्या, आणि तेच नाव बाहेरच्या चिठ्ठीवर लिहा: घेतल्याचा महिना, क्षमता, आत काय. फोल्डरं वर्षावार ठेवा. ‘जुना बॅकअप’, ‘नवा बॅकअप’, ‘बॅकअप फायनल’ ही नावं बघितली की मला कळतं की आत एकच गोष्ट चार वेळा आहे. मोठी डिस्क मिळाली म्हणून पसारा जसाच्या तसा नव्या घरी नेऊ नका. नक्कल शोधणारं ड्यूपगुरू एकदा चालवा, पण पुसायची यादी स्वतः नजरेखालून घाला.

दर तीन-चार महिन्यांनी बॅकअपची डिस्क जोडा, स्मार्ट बघा, आणि काही फाइली खरोखर उघडून बघा. १९७ चा आकडा वाढू लागला की दुरुस्तीच्या मागे लागू नका, ताबडतोब कॉपी सुरू करा. आधी पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी, मग बाकीच्या. इथेही तोच हिशेब आहे, मरायला टेकलेल्या १६ टीबीच्या डिस्कवरून सगळं काढायला एक दिवस पुरतही नाही, आणि तेवढी ती टिकेलच असं नाही. घराबाहेर ठेवायच्या डिस्कवर बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूप घाला आणि पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

जुनी डिस्क लगेच विकू नका. नवी डिस्क दोन-तीन महिने नीट चालेपर्यंत जुनी आहे तशी, भरलेली, बाजूला ठेवा; तीच तुमची फुकटची तिसरी प्रत. त्यानंतर कुणाला द्यायची झाली तर पूर्ण फॉरमॅट करूनच द्या. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फोटो आतच राहतात. मोठ्या डिस्कला या पुसण्यालाही जवळपास एक दिवस लागतो, तेव्हा घेणाऱ्याला ‘उद्या ये’ असं सांगा.